शिट्टी वाजली की पाय धरतात, ते नाटक नाही रे भाऊ

यावेळचं पत्र चोपडा तालुक्यातून आलंय. नाव-गाव टाकू नका म्हणाला म्हणून नाही टाकत. पत्र बरंच लांब होतं, कामाचं तेवढं देतो:

"सर, वय २२, बी.ए. झालंय, पोलीस भरतीची तयारी करतोय. चौथी-पाचवीपासून मला एक विचित्र त्रास आहे. बराच वेळ बसून एकदम उठलो की पाय कडक होतात, वाकतच नाहीत. एसटी आली म्हणून पळायला जावं तर दुसऱ्या पावलाला आडवा. ग्राउंडवर शिट्टी वाजली की सगळे सुटतात आणि मी तिथंच. पण दोन राउंड मारले की मग सोळाशे मीटर आरामात होतं. कुणाचा हात घट्ट धरला तर पटकन सोडता येत नाही. थंडीत जास्त होतं. जिमला जात नाही तरी बॉडी जिमवाल्यासारखी. कोच म्हणतात, नाटक करी राहिना. मोठ्या बहिणीला थोडं असंच आहे, आईवडिलांना नाही. वडिलांनी मामाचीच मुलगी केलीये. जळगावच्या एका डॉक्टरांनी अंगठ्याखाली हातोडी मारून पाहिली, चिठ्ठीवर मायोटोनिया लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, म्हणाले स्नायूतल्या क्लोराइड चॅनेलचा प्रॉब्लेम वाटतो, ईएमजी (सुई घालून स्नायूची तपासणी) करून घे. सुया टोचतात म्हणून मी गेलो नाही. मोबाईलवर शोधलं तर फुप्फुसं खराब होतात, लोक तरुणपणी जातात असं आलं, झोप उडाली. गावातले एक काका म्हणाले क्लोराइड म्हणजे मीठच ना, मीठ जास्त खा. दुसरे म्हणाले कपाशीवर फवारे मारतो त्याचा परिणाम. आणि आता मामाच्या मुलीशी माझं जवळपास ठरलंय. काय करू?"

भाऊ, आधी त्या कोचचं बघू, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त राग तिथंच दिसतोय आणि तो बरोबरच आहे. १८७६ साली युरोपात, जर्मनी-डेन्मार्कच्या सरहद्दीजवळच्या भागात युलियुस थॉमसेन नावाच्या डॉक्टरानं या आजारावर, म्हणजे आवळलेला स्नायू लवकर न सुटणाऱ्या मायोटोनियावर, पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. त्याला स्वतःलाच हा त्रास होता, त्याच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या होता, आणि डॉक्टर असूनही इतकी वर्षं तो गप्प बसला होता. लिहिलं कधी, तर त्याच्या मुलाला लष्करात घेताना अधिकाऱ्यांनी कामचुकार ठरवलं, सोंग करतोय म्हणाले, तेव्हा बापाचं डोकं सरकलं आणि त्यानं घराण्याची सगळी हकीकत छापून टाकली. म्हणजे भरतीचं ग्राउंड, अडकलेले पाय आणि समोर "नाटक करतोय" म्हणणारा साहेब, हे सगळं दीडशे वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलंय. आजाराला आजही त्याचं नाव आहे, थॉमसेनचा आजार. पुढं विसाव्या शतकात बेकर नावाच्या जर्मन डॉक्टरानं त्याचाच दुसरा प्रकार वेगळा काढून दाखवला आणि मला वाटतं तुझी केस त्या दुसऱ्यात बसते, पण ते खाली सांगतो.

आता हे होतं कशामुळे. स्नायूच्या प्रत्येक धाग्याभोवती एक पातळ पडदा असतो आणि त्या पडद्यात प्रोटीनची बनलेली बारीक भोकं असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. कुठलं भोक सोडियमचं, कुठलं पोटॅशियमचं, कुठलं क्लोराइडचं. मेंदूकडून हुकूम आला की सोडियम आत घुसतं, विजेचा झटका धाग्यावरून पळतो, स्नायू आवळतो. हे शाळेत पण थोडंफार शिकवतात. न शिकवलेली गोष्ट ही की झटका संपल्यावर धाग्याला शांत करायचं मोठं काम क्लोराइडकडे असतं. आरामात पडलेल्या स्नायूच्या पडद्यातून जी विद्युत ये-जा चालते त्यातला साधारण ७० ते ८० टक्के वाटा एकट्या क्लोराइडचा असतो आणि हे काम करणारं जे चॅनेल आहे त्याचं नाव सीएलसी-१. ढोलावर टिपरू पडलं की ढोल घुमत राहतो आणि वाजवणारा तळहात टेकवतो तेव्हा आवाज मिटतो ना, तो तळहात म्हणजे क्लोराइड असं समज. तुझ्या स्नायूत तळहात नीट टेकत नाही. प्रत्येक झटक्यामागे थोडं पोटॅशियम धाग्यातून बाहेर पडून पडद्याच्याच आत वळलेल्या बारीक नळ्यांमध्ये साचतं आणि क्लोराइड सांभाळायला नसलं की तेवढ्यानं पण धागा स्वतःहून परत पेटतो, परत पेटतो, मेंदूनं कधीच सोड म्हटलेलं असतं तरी. म्हणून मूठ उघडत नाही, म्हणून पाय वाकत नाही. नस दबलेली नाही, ताकद गेलेली नाही, आणि मनाचं तर अजिबातच नाही.

आणि ते दोन राउंडनंतर मोकळं होणं, त्याला डॉक्टर वॉर्म-अप म्हणतात, या आजाराची ती खूणच आहे. तेच ते काम लागोपाठ केलं की दर वेळी कडकपणा थोडा कमी होत जातो, आणि पाच-दहा मिनिटं बसलास की पाटी परत कोरी. बॉडी जिमवाली दिसते त्याचं कारण पण हेच, स्नायू दिवसभर फुकटचा व्यायाम करत असतो. लोकांना नेमकं हेच पटत नाही, एवढा पैलवान दिसणारा पोरगा एसटीच्या दाराशी पडतो कसा म्हणून.

अमेरिकेत टेनेसी राज्यात शेळ्यांची एक जात आहे, दचकली की चारही पाय ताठ करून आडवी होते. लोक व्हिडिओ बघून हसतात, बेशुद्ध पडणारी शेळी म्हणतात, पण ती बेशुद्ध नसतेच, पूर्ण शुद्धीत असते, फक्त स्नायू सुटत नाहीत. १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी याच शेळ्यांचे स्नायू तपासून दाखवलं की यांच्यात क्लोराइडची ये-जा फार कमी आहे, पुढं १९९१ मध्ये थॉमस येन्च या जर्मन शास्त्रज्ञाच्या गटानं सीएलसी-१ चा जीन हाती आणला आणि वर्षभरातच माणसातला हा आजार त्याच जीनमधल्या बिघाडानं होतो हे सिद्ध झालं. त्याआधी त्यांनी याच घराण्यातलं पहिलं चॅनेल शोधलं होतं ते टॉर्पेडो नावाच्या विजेचा झटका देणाऱ्या माशात. मासा, शेळी आणि चोपड्याचा भरतीवाला पोरगा एका ओळीत येतात ते असे. मला तरी हे वाचून भारी वाटतं.

मोबाईलवर तू जे वाचलंस आणि झोप घालवलीस तो वेगळाच आजार आहे, सिस्टिक फायब्रोसिस. क्लोराइडची चॅनेल शरीरात एकाच जातीची नसतात. फुप्फुस, स्वादुपिंड, घामाच्या ग्रंथी यांच्यात सीएफटीआर नावाचं असतं, त्याचा जीन १९८९ मध्ये सापडला, ते बिघडलं की छातीतला चिकट कफ सुटत नाही, अन्न नीट पचत नाही, घाम फार खारट येतो आणि हे सगळं बहुतेक लहानपणीच दिसायला लागतं. किडनीतलं बिघडलं तर अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून जातं, हाडं झिजवणाऱ्या पेशीतलं क्लोराइड वाहणारं प्रोटीन बिघडलं तर हाडं दगडी होतात आणि तरी मोडतात, आणि मेंदूत तर झोपेच्या गोळ्या, फिट थांबवायची इंजेक्शनं यातली बरीचशी क्लोराइडची वाट जास्त उघडूनच काम करतात. तुझं स्नायूतलं आहे. स्नायूतल्या या बिघाडानं फुप्फुसं सडत नाहीत, हृदय बंद पडत नाही, आयुष्य कमी होत नाही. हे वाक्य हवं तर दोनदा वाच.

मीठवाल्या काकांचं लॉजिक ऐकायला बरोबर वाटतं पण ते नाही चालत. तुझ्या रक्तात क्लोराइड भरपूर आहे, टेस्ट केली तर नॉर्मलच येईल, स्नायूच्या पडद्यातली वाटच काम करत नाही, मग बाहेर कितीही मीठ ओतलं तरी काय होणार, बीपी तेवढं वाढेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा ग्राउंडवरून आल्यावर मीठ-साखर-पाणी घे, ते सगळ्यांसाठी आहे, तुझ्या आजाराचं औषध म्हणून नाही.

फवारणीचं मात्र जरा थांबून सांगतो कारण त्या दुसऱ्या काकांनी नकळत बरोबर जागी बोट ठेवलंय. कपाशीवर अळीसाठी इमामेक्टिन मारता ना, आणि फुलकिड्यांसाठी फिप्रोनिल? ही दोन्ही औषधं किड्यांच्या क्लोराइड चॅनेलवरच काम करतात. इमामेक्टिन अळीच्या नसा-स्नायूंमधलं क्लोराइडचं चॅनेल उघडं ठेवून देतं, अळी लुळी पडते, खाणं सोडते आणि मरते. फिप्रोनिल उलटं, ते किड्याच्या मेंदूतली क्लोराइडची वाट बंद करतं, मग नसा आवरत नाहीत, किडा तडफडून मरतो. जनावरांना जंतासाठी देतात ते आयव्हरमेक्टिन इमामेक्टिनच्याच कुळातलं. किड्यांची ती चॅनेल वेगळ्या जातीची आहेत, तुझ्या स्नायूतलं सीएलसी-१ वेगळं. आणि तुला हे लहानपणापासून आहे, बहिणीला आहे आणि ती काही फवारायला जात नाही. म्हणजे फवारणीनं झालेलं नाही. तरी मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच फवार आणि वाऱ्याच्या तोंडाला उभा राहू नको, फवारणीची विषबाधा हा वेगळा आणि खरा धोका आहे.

आता ईएमजी. अरे, सुई बारीक असते, स्नायूत टोचतात, टोचल्यावर दुखतं हे खरं, पण सहन होतं आणि त्यातून जे कळतं ते दुसऱ्या कुठल्या साध्या टेस्टनं कळत नाही. सुई आत गेली की मशीनच्या स्पीकरमधून स्नायूचा आवाज येतो, मायोटोनिया असेल तर तो आवाज चढतो-उतरतो, डॉक्टर लोक त्याला डाइव्ह बॉम्बर म्हणतात, सूर मारणाऱ्या लढाऊ विमानासारखा. एकदा ऐकला की जाणकाराला शंका राहत नाही.

पण डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह टाकलंय ते उगाच नाही. असाच कडकपणा दाखवणारे दुसरे आजार आहेत आणि त्यातला एक नक्की वगळायला लागतो, मायोटोनिक डिस्ट्रॉफी. त्यात मूळ बिघाड दुसऱ्याच जीनमध्ये असतो पण त्याच्यामुळे स्नायूतलं हेच क्लोराइडचं चॅनेल नीट तयार होत नाही, म्हणून मूठ तशीच अडकते. फरक हा की त्यात स्नायू हळूहळू वाळतात, कमी वयात मोतीबिंदू होतो, पुढचे केस लवकर जातात आणि हृदयाचे ठोके अडखळू शकतात. तुझं वर्णन तसं वाटत नाही, तरी एक ईसीजी आणि डोळ्यांची तपासणी होऊन जाऊ दे. अजून एक प्रकार सोडियमच्या चॅनेलचा असतो, त्यात पळाल्यावर मोकळं व्हायच्या ऐवजी उलट जास्त आवळतं आणि थंडी अजिबात सोसत नाही. आणि थायरॉइडची साधी रक्ताची टेस्ट पण सांग करायला, थायरॉइड कमी पडलं तरी स्नायू सुटायला वेळ लावतात. धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत आधी विचार, तिथं नसेल तर ते न्यूरोलॉजिस्टकडे पाठवतील. नक्की शिक्का मात्र जीन टेस्टनं बसतो, रक्ताचं सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं, पैसे लागतात, पण लग्नाचं ठरतंय म्हणून तुझ्या बाबतीत मी ती कराच म्हणेन.

औषध आहे का, तर चॅनेल दुरुस्त करणारं आज तरी नाही. सीएफटीआरवाल्यांना २०१२ पासून तशी औषधं मिळायला लागली, तुमच्या चॅनेलसाठी अजून नाहीत. पण कडकपणा कमी करणारं आहे, मेक्सिलेटिन, मुळात हृदयाच्या ठोक्यांचं औषध, ते सोडियमच्या बाजूनं आवरतं म्हणजे धाग्याला परत परत पेटू देत नाही. २०१२ मध्येच त्याची नीट चाचणी छापून आली आणि फायदा दिसला. पोटात जळजळ होते, सुरू करायच्या आधी ईसीजी लागतो, मेडिकलवरून स्वतःहून आणून खायची गोष्ट नाही ही. बऱ्याच लोकांना औषध लागतच नाही, आपलं अंग ओळखून ते निभावतात.

ओळखून म्हणजे काय तर एकदम झटक्यात काही करायचं नाही. उठायच्या आधी बसल्या जागी पाय आवळ-सोड, आवळ-सोड, आठ-दहा वेळा. रस्ता ओलांडताना ट्रकचा हॉर्न ऐकून पळू नको, दचकून पळालास तर मधोमध पडशील आणि हात पुढे टेकवायला पण सुटणार नाहीत, थांबून मोकळा रस्ता बघूनच जा. तापीत किंवा विहिरीत एकट्यानं उडी नाही, गार पाण्यात अंग धरलं तर कठीण. आणि हे पाकिटात लिहून ठेव: ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना मायोटोनिया आहे हे आधी सांगायचं. सक्सिनिलकोलीन नावाचं एक औषध भूल देताना वापरतात, त्यानं तुझ्यासारख्याचा जबडा आणि छाती इतकी आवळू शकते की श्वासाची नळी घालता येत नाही. अपेंडिक्ससारखं साधं ऑपरेशन असलं तरी सांगायचं. बहिणीला पण सांग, तिच्या बाळंतपणात सीझर झालं तर उपयोगी पडेल.

भरतीबद्दल तुला गोड बोलून फसवणार नाही. सोळाशे मीटर तू काढशील, शंभर मीटरला मार खाशील, कारण तिथं सगळा खेळ पहिल्या दहा पावलांचा. नंबर यायच्या आधी रांगेत बसू नको, जागेवर हळूहळू पाय हलवत राहा, सुरुवातीचे स्टार्ट तीन-चार वेळा करून मगच रेषेवर ये, एवढ्यानं थोडा फरक पडेल. पण मेडिकलला लपवू नको. तिथं पास झालास असं धरलं तरी उद्या बंदोबस्तात गर्दी अंगावर आली आणि पाय धरले तर तुझ्याच जिवावर बेतेल. माझं स्पष्ट मत विचारशील तर भरतीवर सगळी वर्षं लावू नको, बी.ए. झालंय, तलाठी, क्लार्क, बँक, लेखी परीक्षांच्या जागा आहेत त्यांचा अभ्यास आजपासून धर. कोचला हे कात्रण दाखवायचं तर दाखव.

राहिलं लग्न, आणि इथं मी जरा कडक बोलणार. सीएलसी-१ ची प्रोटीनं जोडीजोडीनं काम करतात. काही बिघाड असे असतात की एक खराब निघालं की ते जोडीदाराला पण अडवतं, मग आई किंवा बाप एकाकडून आलेली एक खराब प्रत पुरते, तो थॉमसेनचा प्रकार. त्यात लग्न कुणाशीही केलंस तरी प्रत्येक मुलाला निम्मा चान्स. दुसरे बिघाड असे की निम्मी चांगली चॅनेल असली तर माणूस ठणठणीत असतो, दोन्ही प्रती खराब आल्या तरच आजार दिसतो, तो बेकरचा. तुझे आईवडील ठणठणीत, दोघं भावंडं आजारी, आईवडील नात्यातले, म्हणून मला हा दुसरा प्रकार जास्त वाटतो. तसं असेल तर आईकडे एक खराब प्रत आहेच, मग तिच्या सख्ख्या भावाकडे म्हणजे मामाकडे ती असायचा चान्स निम्मा, मामाच्या मुलीकडे पाव. तिच्याकडे असली तर तुमच्या प्रत्येक मुलाला आजार व्हायचा चान्स निम्मा. सगळं मिळून आठात एक, आणि नात्यात नात्यात लग्नं आधीपासून झालीयेत म्हणून कदाचित त्याहून जास्त. नात्याबाहेरची मुलगी असेल तर हाच धोका अगदी नगण्य होतो, कारण ही खराब प्रत लोकांत फार कमी जणांकडे असते.

मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा, हे आपल्याकडे किती खोल बसलंय ते मला माहीत आहे, आणि ठरलेलं मोडलं तर आईचं माहेर तुटतं ते पण माहीत आहे. म्हणून मोड म्हणत नाही. आधी तुझी जीन टेस्ट, त्यात जो बिघाड सापडेल तेवढाच मामाच्या मुलीच्या रक्तात शोधायला सांगायचा, तो खर्च पहिल्या टेस्टपेक्षा कमी असतो. तिच्यात नसला तर खुशाल बार उडवा. असला तर निर्णय तुम्ही दोघांनी मिळून घ्या, तिला सगळं माहीत करून देऊन. तिला अंधारात ठेवून लग्न करू नको, आणि "आधी साखरपुडा उरकून घेऊ मग बघू" हा शहाणपणा घरातल्या कुणालाही करू देऊ नको. आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, समजवायचं काम वडिलांवर टाक, मामा तिचाच भाचा, तिनंच बोलणी केली असतील.

ईएमजीची तारीख मिळाली की त्या दिवशी अंगाला तेल किंवा क्रीम लावू नको, जेवून गेलास तरी चालतं, स्वेटर घेऊन जा म्हणजे हातपाय गार पडणार नाहीत. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी सांग. आणि एरवी मी तुला हलत राहा म्हणतोय पण तिथं वेटिंगमध्ये येरझाऱ्या घालू नको, नंबर येईपर्यंत अर्धा तास गप्प बसून राहा, आणि आत बोलावलं की डॉक्टरांसमोरच एकदम उठून दाखव, पण बहिणीला बाजूला उभं कर म्हणजे पडणार नाहीस, आणि तिचंही त्याच दिवशी दाखवून होईल.